पूजेतला पाना

खंडेनवमीला आमच्या जीपला झेंडूची माळ घातली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकापुढं नारळ फोडला. मग तात्या स्टिअरिंगवर बसले आणि जीप चालू झाली नाही.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी लष्कराच्या मोडीतली ही जीप घेतली होती. त्यांचा मुलगा, माझा दादा, तोही फौजेत. त्याची सुट्टी त्या दिवशी संपत होती आणि संध्याकाळी कराडला त्याला आगगाडी पकडायची होती. मागच्या सुट्टीत परतायला उशीर झाला, त्यापायी त्याच्या दंडावर चढायची बढतीची फीत राहून गेली होती. या खेपेला पुन्हा उशीर झाला तर काय होईल, हे तो बोलत नव्हता. गावची एसटी सकाळीच निघून गेली होती. दारात जीप असताना तिची आठवण कुणाला होणार?

सेल्फ दाबला की बॉनेटखाली नुसतं 'टक्' व्हायचं. दिवे लावून पाहिले तर पिवळट उजेड पडायचा आणि सेल्फ दाबताच तोही विझायचा. "बॅटरी बसली," असं जमलेल्या माणसांनी ठरवून टाकलं. गल्लीच्या उतारावर जीप ढकलून पाहिली. ती खोकली, पण धरली नाही. पुन्हा ढकलत दारात आणली, तेव्हा दादाचा गणवेश घामानं पाठीला चिकटला होता.

तात्या माझ्याकडं वळले. "सांगलीला विजेचं शिकतुयास न्हवं?"

"व्हय, पण..."

"मग बघ की."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शास्त्र शाखेत होतो. प्रयोगशाळेच्या टेबलावर बल्ब पेटवले होते, पण बॉनेटखाली कधी हात घातला नव्हता. हे सांगायला हवं होतं. इतक्या माणसांत ते तोंडून निघेना.

तात्यांच्या डब्यात मागच्या दिव्याचा एक जादा बल्ब होता. त्याला दोन वायरी गुंडाळल्या आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावल्या. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे बॅटरी बसली नव्हती. मग अधिक टोकाची वायर तिथंच ठेवून दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवली. आत नुसती तांबूस तार दिसली. माझाच हात हलला असेल म्हणून पुन्हा पाहिलं. तेच. बॅटरीतून निघालेली वीज लोखंडातून बॅटरीकडं धड परत येत नव्हती. ती ज्या जाड पट्टीतून परत यायची, ती जिथं सांगाड्याला बोल्टनं बसवली होती तिथं मी वाकून बघितलं. पट्टीखाली सगळा हिरवागार रंग होता.

तात्यांनी पूजेसाठी बॅटरी काढून आतबाहेर सगळी जीप रंगवली होती. रंग वाळल्यावर पट्टी त्या रंगावरच आवळली होती. आणि रंगातून वीज धड जात नाही. मला कळलं होतं ते एवढंच, आणि ते तात्यांना सांगायचं होतं.

"तात्या, रंग आडवा आलाय. पट्टीखालचा. खरवडाय लागंल."

"रंग? आरं, उभी हयात गाड्या रंगवत आलो. रंगानं कुठं गाडी बंद पडती?"

"कालिजात रंगकाम बी शिकवत्यात का रं?" शेजारचे एक आजोबा म्हणाले. दोघंचौघं हसले.

दादा घड्याळाकडं बघत होता. "तात्या, खरवडू द्या त्याला."

तात्यांनी वाकून पट्टीकडं पाहिलं. मग म्हणाले, "पण पाना कुठं हाय?"

घरातले पाने, पक्कड, कानस, खुरपी, कोयते सगळे आत पाटावर मांडले होते. त्यांच्यावर हळदकुंकू, फुलं वाहिलेली. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी काकी, दादाची आई, विळीसुद्धा घेत नसे. शेजारी मागावं तर घरोघरी तेच. मी बोटांनी बोल्ट फिरवून पाहिला. तो हलला नाही. तात्या दाराकडं बघत उभे राहिले. पूजा त्यांनीच मांडली होती, त्यांचं पाऊल उचलेना.

दारात उभी असलेली काकी आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पाना आणि कानस होती.

"मी सांगितलंय देवाला," ती मला म्हणाली. "बिगी बिगी कर."

पान्याचं ओलं कुंकू माझ्या हाताला लागलं. माझं चुकलं असेल तर पूजाही मोडली, रंगही गेला आणि दादाही राहिला, एवढंच डोक्यात होतं. बोल्ट काढला, पट्टी बाजूला केली आणि खाली पांढरं लोखंड दिसेपर्यंत कानस ओढली. पट्टीचं तोंडही घासलं. बोल्ट परत आवळला.

तात्यांनी सेल्फ दाबला. इंजिन एका दमात चालू झालं. दादा उडी मारून तात्यांच्या शेजारी बसला आणि मी पाना-कानस सीटखाली सरकवून मागं त्याच्या ट्रंकेवर.

कराडपर्यंत माझे कान इंजिनाकडंच होते. स्टेशनच्या दारात तात्या म्हणाले, "तुमी जावा. मी गाडी बंद करत न्हाई." त्यांचा पाय अ‍ॅक्सिलेटरवर होता, म्हणून दादानं वाकून त्यांच्या गुडघ्याला हात लावला.

आगगाडी उभीच होती. ट्रंक आत सरकवून दादा डब्याच्या दारात उभा राहिला. बाहेर जीपचा आवाज चढत-उतरत होता.

"आता बंद केली, तर व्हईल का रं परत चालू?" त्यानं विचारलं.

होईल, असं मला वाटत होतं. पण इंजिन एकदाच चालू झालेलं मी पाहिलं होतं.

"न्हाई सांगता येत," मी म्हणालो.

दादानं मान हलवली. शिट्टी झाली, गाडी हलली. तो माझ्या डोक्यावरून स्टेशनच्या दाराकडं बघत गेला.

तात्यांनी जीप सरळ घरी आणली. दारात त्यांनी ती बंद केली आणि पुन्हा सेल्फ दाबला. इंजिन लगेच चालू झालं. त्यांनी ते बंद केलं.

"व्हतीया की चालू," ते म्हणाले. मग सीटखालचा पाना आणि कानस काढून माझ्या हातात दिली. "काकीला दे. पूजेत ठेव म्हणावं."