निताची सरळ मेणबत्ती

निता, जयभीम. हे पत्र तुझं कौतुक करायला नाही. ते तुझ्या सत्काराच्या दिवशी माइकवरून भरपूर झालं, आणि बोलणाऱ्यांतल्या एकालाही तू नक्की काय केलंस ते ठाऊक नव्हतं. कुणी जिद्द म्हणालं, कुणी संसार सांभाळून म्हणालं. तू खुर्चीत अंग चोरून बसली होतीस आणि मांडीवरचा नारळ सारखा घसरत होता. मला तेव्हाच उठून सांगायचं होतं की या बाईनं एका मेणबत्तीपायी मार्क घालवले, आणि ते तिला शोभलं. पण आपल्याकडे माइक एकदा हातात आला की माणूस तो सोडत नाही, आणि जेवणाची वेळ टळलेली मला चालत नाही. म्हणून आता मी, तुझी शाळेतली मराठीची बाई, लिहिते. तुझीच गोष्ट तुला काय सांगायची, तेव्हा ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. तू ऐक, आणि मधे बोलू नकोस.

वाशीमकडच्या मालेगावला स्टँडच्या बाहेर राजपालचं झेरॉक्सचं दुकान आहे. निता त्याची बायको. सकाळी ती अंगणवाडीत मदतनीस. पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. दुपारनंतर दुकानाच्या मागच्या बाकावर बसून जर्नलं काढायची. दहावीच्या विज्ञानाला लेखी पेपराशिवाय प्रॅक्टिकलचे मार्क असतात आणि ते शाळेच्या हातात असतात. वर्षभर प्रयोग करून त्याची आकृती आणि निष्कर्ष लिहायची वही, ती जर्नल. प्रयोग कुणी करत नव्हतं. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या टेबलात होती आणि टेबलाची किल्ली त्यांच्या घरी. पण जर्नल मात्र प्रत्येकाचं असायचं, सुबक, कव्हर घातलेलं, पानोपानी सही झालेलं. ते निताच्या हातचं असायचं.

तिचा हात लहानपणापासूनच असा. नववीत असताना ती दहावीच्या पोरींना आकृत्या काढून द्यायची. त्या सगळ्या पास झाल्या. निताला मात्र शाळेनं नववीतच थांबवलं, कारण ती विज्ञानात कच्ची होती आणि शाळेला दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा होता. कच्ची पोरं नववीतच गाळली की पुढचं गणित सोपं जातं. मग लग्न झालं आणि तो विषय मिटला.

मिटला म्हणजे तिच्यापुरता. विज्ञानाचं चाललंच होतं. शास्त्राचा पेपर कधी दीडशेचा होता, तो शंभराचा झाला. एका पुस्तकाची दोन पुस्तकं झाली. धड्यांची नावं बदलली, प्रश्नांची तऱ्हा बदलली. दरवर्षी कुठून तरी बातमी यायची की आता घोकंपट्टी बंद, आता मुलांना स्वतः करून पाहायचंय. ही बातमी आली की राजपाल कागदाचे दोन गठ्ठे जास्त मागवायचा. त्याला अनुभव होता. करून पाहण्यावर जितका भर वाढे, तितकी जर्नलं जाड होत.

आता मेणबत्तीचं. भिंगाचा प्रयोग असतो. मधे बहिर्वक्र भिंग उभं करायचं, एका बाजूला पेटती मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचा पडदा. पुस्तकात पडद्यावरची मेणबत्ती उलटी दाखवलेली असते, ज्योत खाली, बूड वर. निताने पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हा तिला छापणाऱ्याची दया आली. पेटती मेणबत्ती उलटी धरली तर मेण हातावर येईल, एवढं तर लहान पोराला कळतं. घाईत ब्लॉक उलटा बसला असणार. तिने मनाच्या मोठेपणाने ती सरळ करून काढली. आणि तेव्हापासून तालुक्यातल्या प्रत्येक जर्नलात भिंगापलीकडची मेणबत्ती ताठ उभी आहे, खाली सही, शाळेचा शिक्का. एकाही मास्तराने कधी 'अगं बाई' म्हटलं नाही.

पुढे शाळांच्या बोलक्या भिंती रंगवायची टूम निघाली, म्हणजे भिंतींवर पाढे, नकाशे, आकृत्या. प्रयोगशाळेबाहेरची भिंत निताकडेच आली. तिने हात लांब करून, खुर्चीवर चढून, मोठी मेणबत्ती, मोठं भिंग आणि मोठा पडदा काढला. पडद्यावर पिवळीजर्द ज्योत, आभाळाकडे. पाहुणे आले की तिच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे.

हे असंच चाललं असतं. पण अंगणवाडीच्या सेविकाबाई निवृत्त व्हायला आल्या. मदतनिसांपैकी जी दहावी पास असेल तिला वर घेणार, असं ऑफिसातून कळलं. दुसरी मदतनीस दोनदा बसून नापास झालेली. निताने सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. सासू चंदाबाईला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने तोंड वर न करता विचारलं, "आता तू पास होशीन, त मंग आमच्याशी बोलशीन ना?" निता म्हणाली, "आत्ता तरी कुठं बोलतो मी? तुमीच बोलता." चंदाबाई हसली. त्या घरात भांडण असंच होतं, आणि तिथंच संपतं. त्या दिवसापासून संध्याकाळची भाकर चंदाबाईकडे आली, हे मात्र लक्षात ठेवा.

निताने भाषा केल्या, इतिहास केला, गणिताशी झटापट केली. विज्ञानाचं तिला भय होतं, पण एक आधार होता. प्रॅक्टिकलचे मार्क कुठं जात नाहीत. जर्नल तर आपल्याच हातचं.

आणि नेमकं त्याच वर्षी आमच्याकडे प्रॅक्टिकल खरंच घ्यायचं ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नका. अशा गोष्टी वरूनच येतात. दुसऱ्या शाळेचा सर समोर बसणार, मुलं प्रयोग करणार, आणि सर एक छापील तक्ता भरणार. तक्त्यात चौकटी. साहित्य मांडता आलं का, निरीक्षण नोंदवलं का, जर्नल आणि निष्कर्ष जुळतात का. चौकटीत बरोबरची खूण नाहीतर फुली. झालं मूल्यमापन. पूर्वी मास्तर मनाने मार्क देत असत. आता तक्ता देणार होता. यालाच सुधारणा म्हणतात.

हेडमास्तरांनी किल्ली शोधली. कपाट उघडलं तेव्हा भिंगं निघाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कोरी. ते वर्तमानपत्रच इतकं जुनं होतं की दोन मास्तर ते वाचत बसले.

परीक्षक म्हणून वाशीमहून मोटरसायकलवर अनुप सर आले. तरुण, नवे, घामाघूम. हेडमास्तरांनी चहा दिला आणि आपल्या शाळेच्या निकालाची परंपरा सांगितली. अनुप सरांनी दोन्ही मुकाट गिळलं. खोलीच्या खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, कारण ज्योत हलत होती. एका टेबलाला चारचार जण. निता पोरांमध्ये बसली, साडीचा पदर खोचून. तिच्या टेबलावरच्या प्रत्येक पोराचं जर्नल तिनेच काढलेलं होतं, आणि सगळी तिला काकू म्हणत होती.

तिने मेणबत्ती पेटवली. भिंग स्टँडवर बसवलं. पुठ्ठा मागेपुढे केला. धूसर काहीतरी हललं, मग एकदम नितळ झालं, आणि पुठ्ठ्यावर छोटीशी ज्योत उमटली. खाली टोक करून. लोंबकळत.

निताने भिंग काढलं आणि फिरवून बसवलं. ज्योत तशीच. तिने भिंग वरचं खाली केलं. तशीच. मग तिने काय केलं असेल? मेणबत्तीच उलटी धरली. वितळलेलं मेण टेबलावर, थोडं बोटावर, आणि मेणबत्ती फस्सकन विझली. पोरं तोंडावर हात धरून हसली. तिने पदराने बोट पुसलं, पुन्हा काडी ओढली, आणि या खेपेला नुसती बघत राहिली. इतकी वर्षं तिने ती आकृती काढली होती, आणि आज पहिल्यांदा ती काय आहे ते तिला दिसत होतं. पुस्तकवाल्यानं घाई केली नव्हती.

शेजारच्या स्नेहाने वाकून हळूच विचारलं, "काकू, आपन लिवाचं काय? पडद्यावरचं का जर्नलमधलं?"

प्रश्न साधा होता, पण त्यात निताचं सगळं अडकलं होतं. पडद्यावरचं लिहावं तर जर्नलशी जुळत नाही, आणि जुळण्याची तर चौकट आहे. सह्या झालेल्या, खाडाखोड चालत नाही. पोरांचे मार्क गेले तर त्यांचे आईबाप उद्या राजपालच्या दुकानावर. आणि तिचे गेले तर सेविकेची जागा गेली, कारण लेखी पेपरवर तिचा काडीचा भरवसा नव्हता.

ती म्हणाली, "तुमी जर्नलमधलं लिवा. तुमची काई चूक नाई."

टेबलावरच्या पोरांनी खाली मान घातली आणि उलट्या मेणबत्तीकडे पाहत 'प्रतिमा सरळ दिसते' असं लिहिलं. त्यांना त्यात काही अवघड वाटलं नाही. आपण त्यांना हेच तर शिकवलंय.

निताने स्वतः लिहिलं, 'मेणबत्ती उलटी दिसली. तीनदा पाहिली.'

अनुप सर तक्ता घेऊन आले. पोरांची जर्नलं उघडली, निष्कर्ष पाहिले. जुळतात, जुळतात, जुळतात. खुणा करताना त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण तक्त्यात आठीला चौकट नव्हती. निताच्या कागदापाशी ते थांबले. तिचा कागद, तिचं जर्नल, पुठ्ठ्यावरची ज्योत, पुन्हा कागद. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काकू, तुमचं बरोबर आहे. पण जुळत नाही."

निता म्हणाली, "हाव. मले मालूम हाय."

सरांनी सुचवलं की निष्कर्षातला एक शब्द बदलला तर सगळं सुरळीत होईल. माणूस वाईट नव्हता. खरोखर तिच्या भल्याचंच सांगत होता. तिला मार्कांची गरज आहे हे हेडमास्तरांनी चहाबरोबर त्यांना सांगितलंच होतं.

निताने पुठ्ठ्यावरच्या ज्योतीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "सर, ते आकृती माह्या हातची हाय. सगळ्यायचीच माह्या हातची हाय. तवा मले मालूम नव्हतं. आता माह्या डोयानं पाह्यलं, तं तुमी मले कायले सरळ लिवाले सांगता?"

अनुप सरांनी तक्ता पुढे ओढला. फुली मारली, पेनाचं टोपण लावलं आणि दुसऱ्या टेबलाकडे गेले. जाताना त्यांनी खिशातून मोबाइल काढून पडद्यावरच्या ज्योतीचा फोटो घेतला. तो कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

निकाल लागला तेव्हा राजपालने दुकानात मोबाइलवर पाहिला आणि झेरॉक्सवर मोठा करून काढला. स्नेहाला आणि सगळ्या पोरांना प्रॅक्टिकलचे पैकीच्या पैकी. निता विज्ञानात थोडक्यात कमी पडली होती, आणि बोर्डाने ग्रेस देऊन तिला पास केलं होतं. म्हणजे खरं लिहिलं म्हणून गेलेले मार्क दया म्हणून परत आले. तिला काही अपमान वाटला नाही. "आले ना?" म्हणाली. चंदाबाईने गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक घरी सांगितलं की आमची सून शास्त्रात पास झाली. जर्नलचं काम निताने त्याच दिवशी बंद केलं. राजपाल दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने लॅमिनेशनचं मशीन आणलं.

सेविकेची ऑर्डर आली, सत्कारही झाला. आता म्हणे विज्ञानात आणखी कमी मार्क पडले तरी पुढं जाऊ देणार, फक्त मार्कशीटवर शेरा मारणार, असं लोक बोलतात. होईल तेव्हा होईल. शेऱ्यालाही तक्त्यात चौकट ठेवतील.

तर निता, आता पुन्हा तुझ्याशी. शाळेची ती भिंत. सत्काराच्या मांडवातून बाहेर पडताना तूच मला तिच्यासमोर उभं केलंस. "बाई, हे एवढी मेणबत्ती उलटी करू ना आपन. येत्या इतवारी. तुमी फक्त खुर्ची धरजा," म्हणालीस. मी हो म्हटलं, हेडमास्तरांची परवानगी मी काढीन असंही म्हटलं, आणि काढली. ते म्हणाले, करा, पण आधी तपासणीचं पथक येऊन जाऊ द्या, त्यांना ती भिंत फार आवडते. पथक येऊन गेलं. मग तुझं प्रशिक्षण निघालं, मग माझा गुडघा, मग तुझ्या अंगणवाडीची वजनं-उंच्या. परवा रिक्षातून तिथून गेले. चौथी-पाचवीची पोरं भिंतीखाली डबे खात बसली होती, आणि वर तुझी ज्योत, पिवळीजर्द, आभाळाकडे.

पांढऱ्या रंगाचा डबा माझ्या जिन्याखाली आहे. ब्रश तुझ्याकडे.