मोरी नव्हे, ओढा

शिवलीला हुक्केरी मूळच्या निपाणीच्या. कोल्हापूरला प्राणिशास्त्र शिकताना नदीतल्या किड्यांवर प्रबंध लिहायला घेतला होता, पण लग्न झालं, बंगळूर आलं आणि प्रबंध तसाच राहिला. पुढे बनशंकरीच्या एका शाळेत मुलांना बेडकाचं हृदय फळ्यावर काढून दाखवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली.

त्या निवृत्त झाल्या त्याच हिवाळ्यात त्यांच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, बैठकीत एक ठराव आला. मागच्या खडकाळ रानातून उतरून घरांना लागून वाहणारं काळं पाणी सगळ्यांच्या नाकाला झोंबत होतं. असोसिएशनचे अध्यक्ष विश्वेश्वर हे निवृत्त इंजिनिअर. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचंच. ते म्हणाले, "मोरीवर स्लॅब टाकू. वास जाईल आणि गाड्यांनाही जागा होईल."

शिवलीलाबाई उभ्या राहिल्या. "मोरी नाही ती, अण्णा. ओढा आहे. आणि अजून मेलेला नाही."

लोक हसले. विश्वेश्वरही हसले. "अक्का, त्यात डास सोडून काय आहे?"

"उद्या सकाळी या. दाखवते."

विश्वेश्वर आले, पायात चकाचक बूट घालून. शिवलीलाबाईंनी त्यांना घरांच्या वर, रानाच्या तोंडाशी नेलं. साडी खोचून त्या पाण्यात उतरल्या, जाळी प्रवाहात धरली आणि तिच्यासमोरचे दगड पायाने ढवळले. जाळीत आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं. गाळ खाली बसला आणि ट्रेमध्ये हालचाल दिसू लागली. वाळूच्या कणांचं घर पाठीवर घेऊन एक अळी सरपटत होती. चतुराची पिल्लं होती. आणि तीन शेपट्यांचा एक इवलासा किडा अंगाच्या कडेचे कल्ले फडफडवत होता.

"याला मेफ्लाय म्हणतात," बाई म्हणाल्या. "पाणी जरा बिघडलं की पहिला हाच जातो. हा आहे म्हणजे पाणी चांगलं आहे."

मग त्यांनी घरांच्या खाली जाऊन तसाच ट्रे भरला. त्यात फक्त लालभडक अळ्या वळवळत होत्या. जिथे श्वास घ्यायला प्राणवायू उरत नाही, तिथेही तग धरणाऱ्या.

विश्वेश्वर ट्रेवर वाकले. "मग मधे काय होतंय, अक्का?"

"तेच शोधायचंय."

दोघं खालून वर निघाले. थोडं चालायचं, जाळी लावायची, ट्रे पाहायचा. घाणेरीच्या एका दाट झुडपापाशी विश्वेश्वर थांबले. आत सिमेंटचा पाइप होता आणि त्यातून फेसाळ पाणी पडत होतं. त्याच्या वरच्या अंगाला किडे होते, खाली नव्हते.

"हा तर पावसाच्या पाण्याचा पाइप," ते चिडून म्हणाले. "आता पाऊस कुठाय? कुणीतरी सांडपाणी जोडलंय याला! सोडणार नाही मी त्याला."

त्यासाठी त्यांनीच युक्ती काढली. त्या रांगेतल्या प्रत्येक घराच्या न्हाणीघरात हिरवा रंग ओतायचा आणि शिवलीलाबाईंनी पाइपाशी उभं राहायचं. सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली, बाकीच्यांना विश्वास वाटावा म्हणून.

बाई पाइपाकडे पाहत होत्या. थोड्याच वेळात पाणी हिरवंगार झालं.

त्यांनी फोन लावला. "अण्णा... आलं."

पलीकडून विश्वेश्वर म्हणाले, "अय्यो. घर बांधणाऱ्या ठेकेदाराने मलाच फसवलं. माझंच घर, अक्का!"

त्या रात्री त्यांना झोप लागली नसावी, कारण दुसऱ्या दिवशीच त्यांच्या अंगणात खोदकाम सुरू झालं. आपलं सांडपाणी त्यांनी गटाराच्या मुख्य वाहिनीला जोडून घेतलं आणि मग रांगेतल्या घराघरांत जाऊन सांगत सुटले, "माझ्या घरचं पाणी हिरवं निघालं. तुमचंही बघू या?" अध्यक्षच असं म्हणतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? ज्यांचं पाणी हिरवं निघालं, त्या सगळ्यांची जोडणी एकेक करून बदलली. स्लॅबचा ठराव बाजूला पडला.

ओढा मात्र लगेच सुधारला नाही. उन्हाळाभर ट्रेमध्ये लाल अळ्याच आल्या. "स्वल्प थांबा," आता विश्वेश्वरच लोकांना सांगायचे. पावसाळ्यातल्या लोंढ्यांनी तळाचा काळा गाळ धुऊन नेला. दसऱ्याच्या सुमारास चतुराचं एक पिल्लू मिळालं.

आणि डिसेंबरातल्या एका रविवारी, पाइपाच्या बऱ्याच खाली, विश्वेश्वर स्वतः गुडघाभर पाण्यात उभे असताना ओरडले, "अक्का! नोडी, नोडी! बघा, तीन शेपट्या!"

बाई धावल्याच. ट्रेच्या कोपऱ्यात मेफ्लायचं पिल्लू दगडाला चिकटलं होतं, कल्ले फडफडवत. मग दुसरं दिसलं. मग वाळूचं घर ओढत निघालेली अळी.

काठावर माणसं जमली. बैठकीत हसलेल्यांपैकी शेजारची शुभदाही वाकून ट्रेमध्ये पाहू लागली. "एवढंसं पोर, आणि याच्यासाठी एवढा खटाटोप?" ती म्हणाली, पण ट्रे सोडेना.

शिवलीलाबाई ट्रेवरून ओढ्याकडे वळल्या. पाण्याला वास नव्हता, तळाची वाळू स्वच्छ दिसत होती. कितीतरी वर्षांनी त्यांना आपण पुन्हा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनी झाल्यासारखं वाटलं. विश्वेश्वरांनी काठावरच्या सगळ्यांना खणखणीत आवाजात सांगितलं, "चप्पल काढा आणि उतरा खाली. बाई शिकवतायत."

आणि लोक खरंच उतरले.