लुब्लिनच्या पाहुणीचं ताट

कॉव्हेंट्रीतल्या माझ्या शेजारच्या आजी पोलिश होत्या आणि माझ्याशी कोल्हापुरी मराठी बोलायच्या. मी राहायला आले त्या दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला, "काय पोरी, गाव कुठलं म्हनायचं?" माझ्या हातातलं खोकं पडलं. महायुद्धात सैबेरिया, इराण असं फरफटत त्यांचं कुटुंब कोल्हापूरजवळच्या निर्वासित छावणीत पोचलं होतं. कळत्या वयाची वर्षं त्यांनी तिथे काढली. मी पक्की पुणेरी, त्यामुळे त्यांची मराठी माझ्यापेक्षा ठसकेदार आहे हे मला जरा झोंबलंच.

पण त्यांचा जीव लुब्लिनमध्ये, जन्मगावात अडकलेला. रविवारी चहाला बोलवायच्या आणि गावातल्या माणसांच्या गोष्टी सांगायच्या. गावाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका विधवेचा खटला लाचखाऊ न्यायाधीशांनी बुडवला. "सैतानांनीसुद्धा याहून बरा निवाडा केला असता," असं ती भर कोर्टात ओरडली. तर त्याच रात्री सैतान झगे घालून कोर्टात आले, निकाल तिच्या बाजूने दिला आणि सहीऐवजी टेबलावर पंजा टेकवला. लाकडावर तो जळका ठसा अजून आहे म्हणे.

"तुमच्या ओळखीची होती का ही बाई?" मी विचारलं.

"न्हाई गं. शेकडो वर्सं झाली की तिला."

मग चौकातल्या घरातला तो मुलगा, कोवळ्या वयात व्हायोलिन घेऊन पॅरिसला गेलेला. किल्ल्याखालच्या ज्यू वस्तीतले ते गुरू, ज्यांना घरबसल्या जगाच्या टोकापर्यंतचं दिसायचं. एकदा ते खिडकीतून खाली पडले. खिडकी इतकी अरुंद की त्यातून माणूस पडलाच कसा, हे कुणाला कळलं नाही. हे सांगताना आजी माझ्या खांद्यावरून मागे बघायच्या. मी दोनदा वळून पाहिलं. मागे फ्रिज होता.

त्याच वस्तीत त्यांची बालमैत्रीण राहायची. पोलिश लोक ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी जेवायला एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. ते रिकामं ठेवायचं, पाहुणा आला की वाढायचं. आजींच्या घरी त्या ताटावर दरवर्षी ही मैत्रीणच यायची. युद्ध पेटलं तसे आजींचे वडील बायकापोरं घेऊन पूर्वेकडे पळाले. निघताना मैत्रीण म्हणाली होती, "माझं ताट मांडत जा. मी येईन." पुढे नाझींनी ती वस्तीच माणसांसकट पुसून टाकली. तिथे आता गवत आहे, पार्किंग आहे आणि आठवण म्हणून दिवसाढवळ्याही जळत ठेवलेला रस्त्यावरचा एक जुना दिवा. मैत्रिणीचं काय झालं हे आजींनी कधीच कुणाला विचारलं नाही. ताट मात्र चुकवलं नाही. छावणीत पत्रावळीवर मांडलं.

गेल्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी शिरा करून नेला. चारलाच बाहेर अंधारलं होतं. माणसं दोन, ताटं तीन. मांडलेलं पान रिकामं ठेवू नये, हे आमच्याकडे हाडीमाशी मुरलेलं. बोलता बोलता माझा हात आपोआप गेला आणि मी त्या तिसऱ्या ताटात शिरा वाढला, शेजारी थोडी कोबीची भाजी.

आजींचा घास हातातच राहिला.

"वाढलंस?" त्या म्हणाल्या. "मानूस येयाच्या आदी पान कुनाला वाढत्यात, ते म्या बगितलंय कोल्हापुरात. पितरांला."

मी ताट उचलायला गेले, तर त्यांनी ते माझ्याकडून मागच्या अंगणातल्या भिंतीवर ठेवून घेतलं. "कावळा शिवला न्हाई, तर ती जित्ती हाय," एवढंच म्हणाल्या.

सकाळी उजाडताच मी गेले. आजी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलेल्या, कालच्याच कपड्यांत. ताटावर दहिवर गोठलं होतं. रोज आमचे कचऱ्याचे डबे उपसणारा कोल्हा त्याला शिवला नव्हता. मॅगपाय पक्षी भिंतीवर उतरले आणि ताटाला वळसा घालून निघून गेले. मला ते बघवेना. बाबांच्या दहाव्याला मी कावळ्यापुढे हात जोडले होते, बाबा रे, शीव एकदाचा. आता त्याच हातांनी विनवत होते, येऊ नकोस.

तो आला. एकटाच. ताटाशी बसला, पण खाईना. मान कलती करून सरळ खिडकीकडे, आजींकडे बघत राहिला. बराच वेळ. मग त्याने चोच खाली घातली.

मी त्याला हाकलायला दाराकडे धावले. आजींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हाकलू नगंस," त्या म्हणाल्या. "खाऊ दे तिला. लई दिसांची भुकेली आसंल."

ताट साफ होईपर्यंत कावळा खात राहिला आणि आजी काचेला कपाळ टेकवून त्याच्याशी हळू आवाजात पोलिशमध्ये बोलत राहिल्या.