पंपावरचं ओलं फडकं

नवी मोटार घरी आली की हार घालण्याआधी तिला मिस्त्रीकडे न्यायची, हा आमच्या भागातला शहाणपणा होता. मिस्त्री सगळे नट आवळून देई, दारे जागेवर बसवी, आणि मगच ती नारळ फोडण्यायोग्य होई. वडिलांनी नोंदणी करून कित्येक वर्षे वाट पाहिली होती. गाडी हाती आली तेव्हा मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात होते आणि मला या क्रमातच काहीतरी मुळातून चुकलेले दिसत होते. जी वस्तू घेतल्या दिवशी दुरुस्त करावी लागते, तीच वापरून झाल्यावर नवीपेक्षा महाग विकली जाई, कारण नव्या गाडीची रांग संपत नसे. पदार्थविज्ञानात असे घडत नाही. बाजारात घडत होते, आणि त्याबद्दल कोणी रागावत नव्हते.

वडील कळमनुरीला वकिली करत. आमच्या बौद्ध वस्तीतली ती पहिली मोटार, त्यामुळे तिच्याविषयी तक्रार करणे आम्हाला परवडणारे नव्हते. जमीनदाराची गाडी बंद पडली तर लोक म्हणत, गाडी खराब आहे. आमची बंद पडली तर म्हणत, यांना गाडी झेपत नाही. वडिलांनी हा फरक मला कधी समजावून सांगितला नाही, पण मागच्या दाराची काच वर-खाली करायचा दांडा पहिल्याच आठवड्यात निखळून हातात आला, तेव्हा त्यांनी तो मुकाट्याने कोटाच्या खिशात घातला आणि शेजाऱ्यांना सांगितले, काच बंदच बरी, धूळ येत नाही.

त्या मे महिन्यात कुरुंद्याजवळच्या आमच्या मूळ गावी चुलत बहिणीचे लग्न होते. काका दुसऱ्यांच्या हळदीच्या शेतांत राबत. त्यांनी वडिलांकडे एकच मागणे मागितले: पोरगी मोटारीतून सासरी जावी, आणि मोटार पारासमोरून जावी. सिद्धेश्वरला, तिच्या सासरी, जायला गावाबाहेरूनही वाट होती. ती काकांना नको होती. पारावर गावचे जमीनदार बसत, आणि माझ्या आजोबांना तिथून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत.

मला गाडीची अडचण ठाऊक होती. थंड देशाच्या हवेसाठी आखलेले ते इंजिन आमच्या उन्हात इतके तापे की त्याला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपातच पेट्रोलची वाफ होई. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ नाही. उपाय एकच, पंपावर ओले फडके टाकायचे आणि थांबायचे. म्हणून मी सुचवले, संध्याकाळी निघू.

काका म्हणाले, "सांजच्याला अंधारात मोटार कोनाला दिसंल, बाई?"

दुपारी निघालो. पारासमोर आल्यावर गाडीने दोनदा आचके दिले आणि ती थांबली.

"वकीलसाहेब, तारीख पडली का?" पारावरून कोणीतरी विचारले.

"बैल जुपू का? आमचे बैल उन्हात बी चालतेत."

हसण्याची लाट आली आणि काकांच्या वस्तीतली जी माणसे गाडीमागून कौतुकाने चालत आली होती, ती जागच्या जागी उभी राहिली. काकांनी मान खाली घातली. वडील उतरून म्हणाले, "गाडीचा दोष नाही. मीच क्लच नीट सोडला नाही." त्यांच्या तोंडून निघालेले ते खोटे मला त्या हसण्याहून जास्त लागले.

मी बोनट उघडले. निघताना टाकलेले फडके सुकून कडक झाले होते. मागचे दार उघडून मी बहिणीला म्हटले, "सावलीत ये, वेळ लागेल." तिची लग्नाची पांढरी साडी घामाने पाठीला चिकटली होती. शेजारी नवरदेव हातरुमालाने तिला वारा घालत होता.

"न्हाई ताई," ती म्हणाली. "उतरले की चालतच जावं लागंल. ह्यांना तेच पाह्यचंय."

तेवढ्यात पारावरचे एक जमीनदार उठले. त्यांच्याकडे आमच्यासारखीच मोटार होती, तालुक्यात सगळे तिला ओळखत. ते मागच्या आळीतल्या आपल्या घरी गेले, परत आले आणि गंमत बघायला वाकावे तसे बोनटखाली वाकले. उपरण्याखालून त्यांनी माझ्या हाती गोणपाटाची ओली घडी दिली. नळीसाठी भोक पाडून ती बरोबर पंपाच्या मापाची कापलेली होती.

"हे टाका," ते पुटपुटले. "आमची बी हितंच मरती."

"मग तिकडे मोठ्याने सांगा ना."

"येडी का काय तू? गावात इज्जत हाय आमची." मग पाराकडे वळून त्यांनी आवाज चढवला, "बापाला चालवता येत न्हाई अन् लेक बोनट उघडून राहिली."

पुन्हा हसणे. मी घडी पंपावर दाबून धरली. कानशिले तापली होती, तरी डोके चालत होते. त्या गोणपाटाची झिजलेली कड सांगत होती की ते पुष्कळ वापरले गेले आहे. म्हणजे प्रत्येक मालकाच्या घरी असे एक फडके असणार आणि प्रत्येक जण ते लपवणार. मग सदोष पंप बनवणाऱ्याने तो का बदलावा? त्याचा दोष झाकायला आमची अब्रू फुकट राबत होती.

गाडी सुरू झाली. पारासमोरून निघताना वडिलांनी त्या जमीनदारांना नमस्कार केला. त्यांनी दुसरीकडे पाहिले. गाव मागे पडल्यावर बहिणीने हळूच विचारले, "ताई, त्यांची बी बंद पडती व्हय?"

"हो."

ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मंग ते हसत काहून होते?"

मी तिला वाफेचे कारण सांगितले. तिने ते विचारले नव्हते.

सासरच्या दारात माणसे जमली होती. नवरदेवाच्या आजोबांनी टपावर हात ठेवला, चटका बसला तसा उचलला, आणि आदराने विचारले, "वकीलसाहेब, गाडी कशी हाय?"

वडिलांनी सदऱ्याला हात पुसले. "एक नंबर," ते म्हणाले.

आजोबा माझ्याकडे वळले. एम.एस्सी.पर्यंत शिकलेल्या मुलीचे मत त्यांना हवे होते. माझ्या हातात ते गोणपाट होते, वाटेत पुन्हा भिजवलेले आणि उतरताच पंपावरून काढलेले, अजून कोमट, पाणी ठिबकत असलेले. मी हात पाठीमागे नेला आणि मान डोलावली.