नानांचे पिसांचे गळ

जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणारी माणसं नानांना थोडं वेडंच समजत. नऊ फुटी काठी घेऊन ते काठाशी उभे राहत, पिवळा जाड दोर डोक्यावरून मागेपुढे झुलवत आणि लांब पाण्यावर अलगद टाकत. दोराच्या टोकाला गळ नसे, लाल लोकरीचा तुकडा बांधलेला असे. कुणी विचारलंच, काही लागलं का, तर म्हणत, ‘‘मी मासा खात नाही.’’

नाना घड्याळं दुरुस्त करत. त्यांचं दुकान आमच्या घराखाली होतं. बायको वारलेली, मुलगी दोंडाईच्याला दिलेली, मुलगा हेमंत कॅनडात. आई गेली तेव्हा हेमंत तिसऱ्या दिवशी पोचला. तो मुद्दाम उशिरा आला नव्हता, हे नानांनाही कळत होतं. तरी पुढची दोन वर्षं ते त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

मग हेमंतनं तिकीट पाठवून त्यांना तिकडे नेलं. पहिला महिना दोघं एका घरात गप्पच होते. एका सकाळी त्यानं त्यांना छातीपर्यंतची रबरी विजार चढवली आणि समुद्रावर नेलं. तिथले सॅल्मन मासे अंडी घालायला नदीत शिरण्याआधी किनाऱ्यालगत फिरतात. गळावर पिसं आणि दोरा बांधून लहान मासळीसारखं रूप देतात आणि त्या फसव्या गळानं त्यांना पकडतात. गार पाण्यात दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं, म्हणून असेल, पण तिथे बोलणं सुरू झालं. आईचा विषयही निघाला. नानांच्या गळाला एक मासा लागला, तो दोघांनी मिळून पाण्यात सोडून दिला. हे सांगताना नाना दर वेळी आपला हात पुढे करून अहिराणीतल्या एकाच वाक्याशी थांबत, ‘‘हेमंतनी मना हात धरेल व्हता.’’

परत आल्यावर दुकानातल्या टेबलावर घड्याळांशेजारी गळ आले. माळकरी माणूस, पण दर गुरुवारी कोंबडीवाल्याकडून पिसं मागून आणत. डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं एकेक पीस धरून ते गळ बांधत. प्रत्येक गळाची कागदी पुडी करून वर नंबर घालत आणि पाच-सहा पुड्या जमल्या की हेमंतला पाठवत. रविवारी त्याचा फोन येई. काल तुमच्या निळ्याला एक मोठा लागला, असं तो सांगे. नाना जिना चढून ते मला सांगायला येत. तलावावरची मेहनत पुढच्या खेपेसाठी होती. पोरासमोर दोर गुंतायला नको, म्हणत.

पुढची खेप झालीच नाही. हेमंत कामावर असतानाच हृदय बंद पडून गेला. नानांना व्हिसा वेळेत मिळणं शक्य नव्हतं. त्याचा शेवटचा विधी त्यांनी माझ्या मोबाइलवर पाहिला. मोबाइल मी हातात धरला होता. चित्र मधेच अडकायचं, आणि ते पुढे सरकेपर्यंत नाना श्वास रोखून बसायचे.

चारेक महिन्यांनी सुनेनं हेमंतचं मासेमारीचं सामान पाठवलं. नाना तेव्हा दोंडाईच्याला गेले होते, म्हणून खोकं मी घेतलं. फाटलेलं होतं, म्हणून उघडलं. वरच नानांच्या पुड्या होत्या. पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत ओळीनं लावलेल्या. एकही उघडलेली नव्हती. नाना परत आल्यानंतर हेमंत समुद्रावर गेलाच नसावा.

त्या दुपारी मी बराच वेळ त्या पुड्या पुढ्यात घेऊन बसलो. चारदोन फाडाव्यात, गळ मिठाच्या पाण्यात बुडवावेत, असं मनात आलं. एक पुडी हातात घेतलीही. बायको म्हणाली, ‘‘त्यांचा मुलगा आहे. जसं आहे तसं देऊन टाका.’’

मी दिलं. नानांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि भिंगाखाली एकेक गळ पाहिला. घाई केली नाही.

‘‘बठ्ठा कोरडाच शेतस,’’ सगळे कोरडेच आहेत, असं ते म्हणाले.

मी म्हणालो, कामातून सवड मिळाली नसेल त्याला.

‘‘मी इचारू, म्हनीसन तो सांगे. त्यानं काय चुकनं?’’ एवढं बोलून त्यांनी पुड्या पुन्हा नंबरानं लावायला घेतल्या. मधेच त्यांनी उरलेल्या पुड्या माझ्याकडे सरकवल्या, त्या मी लावून दिल्या.

त्यानंतर ते तलावावर दिसले नाहीत. दिवाळीनंतर मुलगी येऊन त्यांना दोंडाईच्याला घेऊन गेली. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी हलेपर्यंत ते मी शिकवतो त्या शाळेची चौकशी करत होते.

दोंडाईचा जळगावहून काही लांब नाही, सकाळी निघालं तर संध्याकाळी परत. नानांचा फोन येई, केव्हा येता सर, म्हणून. येत्या रविवारी नक्की, मी म्हणे. एकदा परीक्षा होती, एकदा कुणाचं तरी लग्न, आणि एकदा खरं तर काहीच नव्हतं. माघात त्यांच्या मुलीचा फोन आला, तो ते गेल्याचाच. मी येत नाही हे त्यांना तिसऱ्या रविवारी तरी कळलं असणार. पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. दर वेळी एवढंच म्हणाले, ‘‘या तुम्ही, मी वाट देखस.’’