पेन्सिलींसाठी सारवलेली पडवी

सुदर्शनने मेसेजच्या वर ‘खात्री केली आहे’ असं लिहिलं आणि तो बायकांच्या बचत गटाच्या ग्रुपवर ढकलून दिला. खात्री त्याने एवढीच केली होती की मेसेज गेला का. सूर्यमाळला रेंजच मुश्किलीने मिळते, तेही काम कमी नाही. घरबसल्या पेन्सिली डब्यांत भरा, महिना तीस हजार कमवा, असं त्यात होतं. सुदर्शन जव्हारला कॉलेज शिकून आलेला, म्हणून पाड्याने त्याचं लिहिणं तलाठ्याच्या शिक्क्यासारखं धरलं. सगळ्यांत घट्ट धरलं हिराबाईने.

हिराबाईला नवरा नव्हता. लेक होती, चंद्रा. दिवाळी झाली की दोघी भिवंडीकडे वीटभट्टीवर जायच्या. भट्टीवर जोडीनेच घेतात, त्यामुळे शाळा बुडायची ती लेकीची. यंदा चंद्रा दहावीला होती. पेन्सिली आल्या तर भट्टी टळणार होती. म्हणून भट्टीचा मुकादम आगाऊ पैशांची उचल घेऊन आला, तेव्हा हिराबाईने आयुष्यात पहिल्यांदाच ती परत केली. शेठाणी झालीस का, असं तो म्हणाला. तिला राग आला नाही, थोडं आवडलंच.

नोंदणीचे साडेसहाशे सुदर्शनच्या मोबाइलवरून गेले. कुरिअरच्या दोन हजारांसाठी बोकड विकला. हिराबाईने पडवी सारवली, वर प्लास्टिक ताणलं आणि कोंबड्यांना तिकडे फिरकू दिलं नाही. पाण्यावर बायका विचारायच्या, काय गं, पेन्सिली उगवल्या का?

मग फोन आला, माल मोखाड्यापर्यंत पोचलाय, विम्याचे पाच हजार भरा. फोनवरचा माणूस हिंदीत तिला मॅडम म्हणत होता. सुदर्शन हातउसने आणून भरायला तयार झाला.

“बंद कर तो फोन,” हिराबाई म्हणाली. “मुकादम वायट हाय, पण कामाच्या आधी पैसा हातावर ठेवतो. हा आधी आपल्याकडूनच घेतो. ह्याच्याकडं काम नाय.”

“काकी, एकदाच भरून बघू.”

“खात्री तू केलीस ना? मंग आता गप बस.”

सुदर्शनने ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० ला फोन लावला. तक्रारीचा नंबर मिळाला, तो चंद्राच्या वहीच्या मागे लिहिला. ग्रुपवरचा मेसेजही त्याने खोडला, पण तोवर चौघींनी तो माहेरी पाठवलाही होता.

जुन्या मुकादमाची टोळी भरली होती. मोखाड्याच्या बाजारात दुसरा भेटला. भट्टी लांबची, उचल निम्मी. चंद्राने वह्या गोणीत भरल्या, मग काढून पुन्हा फळीवर ठेवल्या. हिराबाईने ते पाहिलं आणि भाकऱ्या बांधत राहिली.

भट्टीवर न्यायला टेम्पो आला तेव्हा शेजारची रुपी तिच्या खळ्यावर होती. हिराबाईचं भात झोडायला ती एक दिवस येऊन गेली होती. त्याच्या बदल्यात तिच्या खळ्यावर हिराबाईचा एक दिवस द्यायचा राहिला होता. आल्यावर देते, असं हिराबाईने टेम्पोतूनच सांगितलं. रुपीने मान हलवली. आल्यावर म्हणजे जून, तेव्हा झोडायला भात नसतं.