किडलेल्या बोंडांचं स्तोत्र

आर्णीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा आपल्या चर्चच्या मंडळीतलं, तुमच्यापैकी कुणी मला पोचवायला आलं नाही. एकटे बाबा आले. "तिकडं तरी तोंड सांभाळशीन का वं?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हणाले. "मंग ठीक हाय. चढ, जागा धर."

तुम्ही का आला नाहीत, ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण नंतर जन्मलेल्या पोरांना तुम्ही वेगळंच सांगता.

आपल्या चर्चमध्ये निम्म्यांना वाचता येत नसे. म्हणून एकीनं स्तोत्राची ओळ चालीवर सांगायची आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची. आईनंतर ते काम माझं होतं. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, तरी कापणीच्या सणाला वेदीपुढं पीक मांडायचं ठरलं. पाळकसाहेबांनी उपकाराचं, देवाचे आभार मानायचं स्तोत्र निवडलं. मी तक्रारीचं धरलं. त्यात माणूस देवाला सरळ विचारतो, आणखी किती दिवस तोंड फिरवून बसणार?

पाळकसाहेबांनी मध्येच थांबवलं. "बाई, आज सण आहे. रडगाणं नको."

"मंग वेदीपुढं काय मांडू साहेब? अळ्या?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू मलाच भोवलं. पुढच्या रविवारी ओळ सांगायला दुसरीच उभी होती आणि तुम्ही सगळे मुकाट तिच्यामागं गायलात. एकट्या बाबांनी ओठ हलवले नाहीत.

मी बाजारात वाढलेली बाई. हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला माल हवा असतो. ज्याला नको, ते गोड बोलून पुढच्या दुकानात जातं. देवाशी गोड बोललात तुम्ही, आणि अविश्वासू ठरले मी!

आज हडपसरला माझं स्वतःचं गाऊनचं दुकान आहे. इथल्या चर्चमध्ये शब्द स्क्रीनवर येतात, कीबोर्ड वाजतो, सगळे एकदम गातात. छान गातात, पण मला श्वास कुठं घ्यावा ते कळत नाही. म्हणून गुरुवारी संध्याकाळी दुकानातच आपल्याकडची चार माणसं जमतात. मी ओळ सांगते, ते मागून म्हणतात. वणीचा एक सिक्युरिटी गार्ड पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "ताई, हळू म्हणा नं. देव काय बहिरा हाय?"

"तेच त विचारून राह्यली त्याले," मी म्हटलं. तेव्हापासून तो माझ्याहून मोठ्यानं गातो.

मागच्या आठवड्यात मंडळीच्या सेक्रेटरींचा फोन आला. तुझ्यासारखी चाल कुणाला जमत नाही, यंदाच्या सणाला येऊन ओळ सांग, म्हणाले. फोन ठेवता ठेवता हळूच, "स्तोत्र तेवढं उपकाराचं घे बरं."

यंदाही बोंडं किडलीत. बाबांनी सांगितलंय मला.

तर ऐका. मी येतेय आणि स्तोत्र मी निवडणार. बाकी सगळ्यात घासाघीस करा, यात नाही. पहिली ओळ मी सांगीन. तुम्ही मागून म्हटलीत, तर ते गाव माझं. नाही म्हटलीत, तर बाबा म्हणतील, आणि तेवढं घर मला पुरे.